वॉशिंग्टन २००८: तेलविहिरींवरची तडजोड आणि धर्मोपदेशकांचे हिशेब

नोव्हेंबर २००७ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकी सिनेटर चक ग्रासली यांच्या कार्यालयातून सहा पत्रे रवाना झाली. त्यांपैकी मिसूरी राज्यातील जॉइस मेयर यांच्या सेवासंस्थेला गेलेल्या पत्रात इतर अनेक प्रश्नांबरोबर असेही विचारले होते की, २३ हजार डॉलरचा संगमरवरी माथ्याचा जुना ‘कमोड’ आणि ३० हजार डॉलरचे मॅलाकाइट दगडाचे गोल टेबल यांचा संस्थेच्या करमुक्त उद्दिष्टांशी संबंध काय. कमोड म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे येते तेच पुष्कळ अमेरिकनांच्याही डोळ्यांपुढे आले आणि हसायचे तेवढे हसून झाले. जुन्या फर्निचरच्या बाजारात मात्र या शब्दाचा अर्थ खणांचे बुटके कपाट एवढाच आहे. या हशात पत्रांमधले खरे प्रश्न मागे पडले. संस्थेच्या प्रमुखाचा पगार कोण ठरवतो, विमान कोणाच्या नावावर आहे, ते खासगी कामासाठी उडवले तर त्याचे पैसे कोण भरतो, आणि हे सगळे ठरवणाऱ्या संचालक मंडळात घरची माणसे किती व बाहेरची किती, हे ते प्रश्न होते.

ही चौकशी सुरू असतानाच, २००८ च्या उन्हाळ्यात, त्याच सिनेटमध्ये समुद्रातील तेलविहिरींवरून मोठे रणकंदन झाले आणि त्यातून एक तडजोडीचा प्रस्तावही पुढे आला. दोन्ही प्रकरणे सहसा वेगवेगळी सांगितली जातात. वरवर पाहता त्यांच्यात समान काही नाही. तेल कंपन्यांच्या करसवलती आणि धर्मसंस्थांची करमुक्ती या दोन्ही बाबी सिनेटच्या एकाच वित्त समितीकडे येतात, इतकाच काय तो दुवा. तरीही ती शेजारीशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. दोन्हींकडे युक्तिवाद भरपूर झाले आणि दोन्हींकडे शहाणी माणसे होती, पण निकाल त्या युक्तिवादांवर लागला नाही. काहीच ठरले नाही तर आपोआप काय होणार, आणि त्यात कोणाचे फावणार, या एका गोष्टीवर तो लागला.

दरवर्षी नव्याने घालावी लागणारी बंदी

२८ जानेवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील सांता बार्बराच्या समोर युनियन ऑइल कंपनीच्या विहिरीतून तेल उसळले, किनारे काळे पडले, आणि तेव्हापासून किनारपट्टीच्या राज्यांत तेलविहीर हा शब्द मतदारांना नकोसा झाला. १९८१ पासून अमेरिकी काँग्रेसने यावर एक युक्ती काढली. सागरी पट्टे भाड्याने देण्याचे काम इंटिरियर खात्याकडे असते. त्या खात्याच्या वार्षिक खर्चाच्या विधेयकात, अमुक भागातील पट्टे देण्याच्या कामावर यंदा पैसा खर्च करता येणार नाही, असे एक कलम घातले जाऊ लागले. सुरुवात कॅलिफोर्नियाच्या काही भागापासून झाली आणि पुढे ॲटलांटिक व पॅसिफिक किनाऱ्यांचा बहुतेक भाग या कलमाखाली आला. १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी त्याला अध्यक्षीय आदेशाची जोड दिली आणि १९९८ मध्ये क्लिंटन यांनी त्या आदेशाची मुदत २०१२ पर्यंत वाढवली.

दुहेरी कुलूप म्हणावे अशी ही व्यवस्था होती, पण आतल्या कुलपाची किल्ली दरवर्षी फिरवावी लागत असे. खर्चाच्या विधेयकातले कलम आर्थिक वर्षापुरतेच जगते, आणि अमेरिकेचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते. पाव शतकाहून अधिक काळ हे कलम दरवर्षी पुढे चालू ठेवले गेले, आणि सवयीने सगळ्यांना ती कायमची बंदीच वाटू लागली. कायद्याने मात्र ती कधीच कायमची नव्हती.

२००८ मध्ये ही सवय मोडली. जुलैच्या मध्याला कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले, पंपावरचे पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर चढले, आणि अध्यक्षीय निवडणूक चार महिन्यांवर होती. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी जूनमध्येच आपली जुनी भूमिका बदलून बंदी उठवण्याची मागणी केली होती. १४ जुलैला धाकट्या बुश यांनी वडिलांच्या काळापासूनचा अध्यक्षीय आदेश मागे घेतला. बाहेरचे कुलूप असे निघाले. आता उरले होते फक्त ३० सप्टेंबरला मरणारे ते कलम. १ ऑगस्टला प्रतिनिधीगृह सुट्टीसाठी उठले तेव्हा रिपब्लिकन सदस्य सभागृहातून हललेच नाहीत. ध्वनिक्षेपक बंद, दिवे मंदावलेले, आणि समोर सभापती नाही, तरी भाषणे चालूच राहिली, आणि हा प्रकार ऑगस्टभर चालला.

त्याच १ ऑगस्टला दहा सिनेटरांनी, पाच डेमोक्रॅट आणि पाच रिपब्लिकन यांनी, एक मसुदा मांडला. नॉर्थ डकोटाचे केंट कॉनरॅड आणि जॉर्जियाचे सॅक्सबी चॅम्ब्लिस हे त्यांचे म्होरके होते आणि वृत्तपत्रांनी त्यांना ‘गँग ऑफ टेन’ म्हणायला सुरुवात केली. मसुद्यातला सौदा स्पष्ट होता. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या चार राज्यांना हवे असेल तर आपल्या किनाऱ्यासमोर तेल शोधू द्यावे. मेक्सिकोच्या आखाताचा पूर्व भागही खुला करावा. मात्र दोन्हीकडे किनाऱ्यापासून ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत विहीर नको. (आपले मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर आहे, यावरून या अंतराची कल्पना यावी.) त्या बदल्यात तेल कंपन्यांनी सुमारे ३० अब्ज डॉलरच्या करसवलतींवर पाणी सोडावे, आणि पर्यायी इंधनाची वाहने, ऊर्जाबचत व अक्षय ऊर्जा यांवर मोठा खर्च व्हावा. डेमोक्रॅट उमेदवार बराक ओबामा तोवर समुद्रातील नव्या विहिरींच्या विरोधात होते. व्यापक तडजोडीचा भाग म्हणून मर्यादित प्रमाणात आपण त्या मान्य करू शकतो, असे तेही त्याच सुमारास म्हणाले. दहाचे पुढे सोळा आणि मग वीस सिनेटर झाले.

तडजोड म्हणून हा मसुदा चांगला होता, असे माझे मत आहे. दोन्ही बाजूंना झोंबेल असे काही त्यात होते, राज्यांच्या संमतीला त्यात जागा होती, आणि कुठल्या पैशातून काय होणार हे कागदावर लिहिलेले होते. तरीही तो मतदानापर्यंत गेला नाही. याचे खापर पुष्कळांनी निवडणुकीच्या वातावरणावर फोडले. मला कारण त्याहून साधे वाटते. चॅम्ब्लिस यांच्या पक्षातले कडवे लोक विचारत होते की, जी गोष्ट ३० सप्टेंबरला फुकट मिळणार आहे ती आज करसवलती देऊन विकत का घ्यायची? या प्रश्नाला म्होरक्यांकडे उत्तर नव्हते. बंदी चालू ठेवण्यासाठी दोन्ही सभागृहांचे बहुमत आणि अध्यक्षांची सही लागणार होती. बंदी संपण्यासाठी कोणालाही काहीच करावे लागणार नव्हते. घड्याळ एकाच बाजूने चालत असेल तर समोरचा माणूस सौद्याला बसत नाही.

डेमोक्रॅट नेतृत्वाला हे उशिरा कळले, पण कळले. १६ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने २३६ विरुद्ध १८९ मतांनी स्वतःचे विधेयक संमत केले: १०० मैलांपलीकडे खुले, ५० ते १०० मैलांमध्ये राज्याने हो म्हटले तर, आणि त्याशिवाय तेल कंपन्यांच्या काही सवलती रद्द. राज्यांना उत्पन्नाचा वाटा मात्र त्यात नव्हता. २००६ च्या कायद्याने आखाताकाठच्या चार राज्यांना नव्या पट्ट्यांच्या उत्पन्नातून ३७.५ टक्के वाटा दिला होता, आणि वाट्याशिवाय व्हर्जिनिया किंवा जॉर्जिया स्वतःच्या दारात विहीर का मागेल, हा रिपब्लिकन सदस्यांचा आक्षेप वाजवी होता. पण हे सगळे बोलणे आधीच शिळे होत चालले होते. आदल्याच दिवशी लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली होती, आणि पुढचे दोन आठवडे वॉशिंग्टनला बँका वाचवण्यावाचून दुसरे काही सुचत नव्हते. बंदीचे कलम खर्चाच्या विधेयकात ठेवले तर बुश ते परत पाठवणार आणि निवडणुकीच्या तोंडावर सरकारी कामकाज ठप्प होणार, हे दिसताच डेमोक्रॅट नेत्यांनी कलम गाळले. ३० सप्टेंबरला बुश यांनी सही केली आणि सत्तावीस वर्षांची बंदी सरली. तिच्यावर सरळ मतदान असे झालेच नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. बंदी गेली म्हणून दुसऱ्या दिवशी विहीर खणता येत नाही; इंटिरियर खात्याच्या पंचवार्षिक आराखड्यात तो भाग यावा लागतो, मग लिलाव, मग परवाने. ३१ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी मध्य व दक्षिण ॲटलांटिक आणि पूर्व आखात टप्प्याटप्प्याने खुले करण्याचा बेत जाहीर केला. २० एप्रिलला आखातात डीपवॉटर होरायझन फलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले, आणि विहीर बंद करायला ८७ दिवस लागले. डिसेंबरमध्ये बेत मागे घेतला गेला. ज्या ॲटलांटिक किनाऱ्यासाठी एवढा आटापिटा झाला तिथे त्यानंतर एकही पट्टा लिलावात गेला नाही.

सहा पत्रे आणि न बोलण्याचा हक्क

आता मूळ पत्रांकडे येतो, कारण या अभ्यासाचा गाभा तिथे आहे.

पत्रे ज्यांना गेली ते सहाही जण दूरचित्रवाणीवरून धर्मोपदेश करणारे होते: मिसूरीतील फेंटनच्या जॉइस मेयर, टेक्सासमधील केनेथ कोपलँड आणि बेनी हिन, जॉर्जियातील क्रेफ्लो डॉलर आणि बिशप एडी लाँग, आणि फ्लोरिडातील टॅम्पाचे रँडी व पॉला व्हाइट हे दांपत्य. यांपैकी हिन यांचे नाव भारतातही परिचित आहे. जानेवारी २००५ मधील त्यांच्या बंगळूरच्या सभेवरून बराच वाद झाला होता. या सहा जणांची शिकवण थोड्याफार फरकाने एकाच पंथातली, जिला समृद्धीची सुवार्ता म्हणतात. श्रद्धेने दिलेले अर्पण हे बी आहे, ते पेरले की देव शंभरपट परत देतो, आणि उपदेशकाची समृद्धी हीच त्या वचनाची साक्ष, असा तिचा सूर असतो. या शिकवणीत विमान किंवा रोल्स रॉइस लपवायची वस्तू उरत नाही. ती दाखवायची वस्तू होते. हिशेब मागणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते, कारण दाता फसवला गेला असे म्हणावे तर दात्याने ते विमान पाहूनच पैसे दिलेले असतात.

ग्रासली हे आयोवाचे रिपब्लिकन, स्वतः बाप्टिस्ट आणि शेतकरी. वित्त समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी रेड क्रॉससारख्या मोठ्या धर्मादाय संस्थांनाही असेच खोदून प्रश्न विचारले होते, त्यामुळे चर्चविरुद्ध त्यांचा आकस होता असे म्हणता येत नाही. चौकशीसाठीची बरीचशी कागदपत्रे त्यांच्या कार्यालयाला डॅलसच्या ट्रिनिटी फाउंडेशनने पुरवली होती. दूरचित्रवाणीवरच्या उपदेशकांवर नजर ठेवणारी ही छोटी ख्रिस्ती संस्था, त्यांच्या कार्यालयांमागच्या कचराकुंड्या उपसून कागद गोळा करण्यासाठी ओळखली जात असे. जिथे अधिकृत हिशेब नसतो तिथे माहितीचा उगम कचराकुंडी होतो, ही गोष्ट मला या प्रकरणातल्या कुठल्याही आरोपापेक्षा जास्त बोलकी वाटते.

अधिकृत हिशेब का नव्हता, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावे लागेल. आपल्याकडे मंदिर असो वा चर्च, सार्वजनिक न्यास म्हटला की १९५० चा कायदा आला, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आली, दरवर्षीचे लेखापरीक्षण आले आणि विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट आला. ही व्यवस्था किती नीट चालते हा वेगळा विषय. पण कागद कुठे मिळायला हवा हे तरी ठाऊक असते. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना फॉर्म ९९० नावाचे विवरण दरवर्षी भरावे लागते, त्यात वरिष्ठांचे पगार लिहावे लागतात आणि ते विवरण कोणालाही पाहता येते. चर्चला ते भरावे लागत नाही. इतकेच नव्हे तर करमुक्ती मिळण्यासाठी अर्जही करावा लागत नाही. चर्च आहे म्हणजे ती करमुक्त आहे, असे कायदाच धरून चालतो.

करखाते अशा चर्चची तपासणी करू शकत नाही असे नाही, पण तिचा दरवाजा अरुंद आहे. १९८४ च्या कायद्यानुसार, करखात्याच्या उच्चपदस्थ अधिकाऱ्याला लेखी नोंदवलेल्या तथ्यांवरून सयुक्तिक शंका आली तरच तपासणी सुरू होते. हा अधिकारी किमान कोणत्या दर्जाचा असावा हेही कायद्याने सांगितले होते: करखात्याच्या एखाद्या प्रादेशिक विभागाचा प्रमुख. १९९८ मध्ये करखात्याची पुनर्रचना झाली आणि हे प्रादेशिक विभागच नाहीसे झाले. कायद्यातला शब्द तसाच राहिला आणि त्या शब्दातला माणूस गेला. खात्याने ते काम एका संचालकाकडे सोपवले. मिनेसोटातल्या एका चर्चने त्याला आव्हान दिले, आणि जानेवारी २००९ मध्ये, म्हणजे ग्रासली यांची काही पत्रे अनुत्तरित पडलेली असतानाच, तेथील केंद्रीय न्यायालयाने हा संचालक पुरेसा उच्चपदस्थ नाही असा निर्णय दिला. त्यानंतर चर्चच्या तपासण्या बराच काळ जवळजवळ थांबल्याच. कायदा कोणी रद्द केला नव्हता. सही करायला पात्र माणूस कोण, एवढेच ठरत नव्हते.

पत्रांना ६ डिसेंबर २००७ ची मुदत होती. मेयर यांच्या संस्थेने आणि पुढे हिन यांनी तपशीलवार उत्तरे दिली आणि आपल्या कारभारात सुधारणा केल्याचेही कळवले. उरलेल्या चौघांपैकी कोणी अर्धवट कागद दिले, तर क्रेफ्लो डॉलर यांनी माहिती द्यायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, चर्चच्या हिशेबाची चौकशी हे करखात्याचे काम आहे, एका सिनेटरचे नव्हे. ते ज्या करखात्याकडे बोट दाखवत होते त्याचे हात कसे बांधलेले होते ते वर आलेच आहे. कोपलँड यांनी काही कागद दिले, पण जानेवारी २००८ मध्ये पाळकांच्या एका मेळाव्यात त्यांनी असा पवित्रा घेतला की, समन्स आणले तरी मी देणार नाही, हे देवाचे आहे, त्यासाठी तुरुंगात जावे लागले तरी चालेल. त्यांच्या पत्रात विचारलेल्या गोष्टींत संस्थेच्या जेट विमानाचे हवाई आणि फिजी येथले मुक्काम होते, आणि सेवाकार्याच्या वर्धापनदिनी त्यांना मिळालेली भेटही होती.

ही भेट, जिला तिकडच्या चर्चमध्ये ‘लव्ह ऑफरिंग’ म्हणतात, थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) आणि नेहमीचे अर्पण चर्चच्या खात्यात जाते. प्रेमार्पण मात्र पाळकासाठी म्हणून गोळा होते: त्याचा वाढदिवस, सेवेची इतकी वर्षे, पाहुणा उपदेशक आला तर त्याच्यासाठी. लोक पाकिटात पैसे घालतात, कधी थेट त्याच्या हातात देतात. देणारा म्हणतो भेट, घेणारा म्हणतो भेट. पण सेवेचा मोबदला म्हणून मिळालेला पैसा करकायद्याच्या दृष्टीने उत्पन्न ठरू शकतो, आणि पाळकाला चर्चकडून मिळणारे एकूण मानधन वाजवी आहे का, हे ठरवताना तो धरावा लागतो. १९९६ पासून अमेरिकी कायद्यात तरतूद आहे की, करमुक्त संस्थेच्या सूत्रधाराने वाजवीपेक्षा जास्त लाभ घेतला तर त्या जास्तीच्या रकमेवर त्याच्याकडून २५ टक्के, आणि मुदतीत परतफेड केली नाही तर २०० टक्के कर घ्यावा. संस्थेची करमुक्ती काढून घेण्याच्या टोकाच्या शिक्षेऐवजी माणसाला जबाबदार धरणारी ही तरतूद शहाणपणाची आहे. अडचण अशी की वाजवी काय हे ठरवण्यासाठी आकडा हवा, आकड्यासाठी विवरण हवे, आणि विवरण चर्चने भरायचेच नसते.

विरोध केवळ या चौघांचा नव्हता. समृद्धीच्या शिकवणीशी सुतराम संबंध नसलेल्या पुराणमतवादी ख्रिस्ती नेत्यांनीही ग्रासली यांच्याकडे नाराजी कळवली. सहाही जण एकाच पंथातले निवडले म्हणजे सरकार शिकवणीवर निवाडा देत आहे, आणि आज त्यांचे टेबल मोजले तर उद्या आमचा उपदेश मोजाल, असा त्यांचा मुद्दा होता. हा मुद्दा मी हलका मानत नाही. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला धर्मसंस्थांच्या अंतर्गत कारभारापासून दूर ठेवते, आणि ते अंतर राखण्यातच छोट्या व अप्रिय पंथांचेही संरक्षण आहे. मात्र करमुक्ती ही इतर करदात्यांच्या खिशातून येते, आणि ज्या संस्थेवर आपण पैसे खर्च करतो तिच्या प्रमुखाचा पगार किती हे विचारणे म्हणजे तिच्या प्रार्थनेत ढवळाढवळ नव्हे. ग्रासली यांनी पत्रांत टेबल आणि कपाट पुढे आणून स्वतःचेच नुकसान केले, असेही मला वाटते. वस्तूंची यादी चवीने वाचली जाते. संचालक मंडळाच्या रचनेचा प्रश्न कोणी वाचत नाही, आणि खरे दुखणे तर तिथेच होते.

ग्रासली यांच्या हाती काय होते? २००६ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने सिनेट गमावली होती, त्यामुळे समितीचे अध्यक्षपद मोंटानाचे डेमोक्रॅट मॅक्स बॉकस यांच्याकडे गेले होते आणि ग्रासली अल्पपक्षाचे ज्येष्ठ सदस्य होते. समन्स काढायचे तर ते समितीने काढायचे, आणि चर्चवर समन्स काढून कोर्टकज्जात उतरायला कोणत्याही पक्षात उत्साह नव्हता. पुढे बॉकस यांनीही ग्रासली यांच्या बरोबरीने पाठपुराव्याच्या पत्रांवर सही केली, पण पत्र ते पत्रच. आणि उत्तर न देणाऱ्याचे काहीच अडत नव्हते. ३० सप्टेंबरसारखी कुठलीही तारीख इथे नव्हती. दिवस उलटतील तसे गप्प बसणाऱ्याचे पारडे जड होत होते. तेलाच्या प्रकरणात बंदीवाल्यांना घड्याळ बाधले. इथे घड्याळच नव्हते, आणि ते नसणे हिशेब मागणाऱ्याला बाधले.

६ जानेवारी २०११ रोजी, तीन वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, ग्रासली यांच्या कर्मचाऱ्यांनी ६१ पानांचा अहवाल त्यांना सादर केला. कोणावरही दोषारोप नाही, दंड नाही, समन्स तर शेवटपर्यंत निघालेच नाही. माजी कर्मचारी बोलायला घाबरत होते, काहींनी गोपनीयतेच्या करारांवर सह्या केलेल्या होत्या, आणि एकेका उपदेशकाभोवती वेगवेगळ्या नावांच्या संस्थांचे जाळे होते, अशा नोंदी त्यात आहेत. पाळकांच्या निवासभत्त्यावरील करसवलतीला मर्यादा असावी का, चर्च-तपासणीचा कायदा दुरुस्त करावा का, असे प्रश्नही त्यात मांडले आहेत. पण या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे काम ग्रासली यांनी सरकारकडे दिले नाही. ते त्यांनी इव्हँजेलिकल कौन्सिल फॉर फायनान्शियल अकाउंटेबिलिटी या ख्रिस्ती संघटनेला सोपवले.

या संघटनेचा जन्म १९७९ चा, आणि तो असाच झाला होता. सत्तरच्या दशकात धर्मादाय संस्थांच्या हिशेबांवर कायदा करण्याची भाषा वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली, तेव्हा सरकारने नियम घालण्याआधी आपणच घालून घ्यावेत म्हणून प्रसिद्ध धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांची संस्था आणि वर्ल्ड व्हिजन ही ख्रिस्ती मदतसंस्था यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तिचे नियम चांगले आहेत: किमान पाच जणांचे मंडळ, त्यात बाहेरच्या व्यक्तींचे बहुमत, आणि मागेल त्याला लेखापरीक्षित हिशेब. पण सदस्य व्हायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे, आणि ज्याला नियम जाचक वाटतात तो सदस्य होत नाही. संघटनेने नेमलेल्या आयोगाने डिसेंबर २०१२ मध्ये शिफारस केली की चर्चना फॉर्म ९९० सक्तीचा करू नये आणि वाढीव पारदर्शकता स्वेच्छेने यावी. ज्यांचे हिशेब तपासायचे त्यांच्याच बिरादरीकडून याहून वेगळ्या शिफारशीची अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरले असते. तरी आयोगाला बनचुका म्हणणे अन्यायाचे होईल. पैशांचा गैरवापर करणाऱ्या व्यक्तींना करांतर्गत दंड अधिक परिणामकारक रीतीने व्हावा, हे त्याने नाकारले नव्हते.

पत्रे मिळालेल्या सहांपैकी मेयर यांच्या संस्थेने २००९ मध्ये या संघटनेची मान्यता घेतली. कमोडबद्दल संस्थेचा खुलासा असा होता की, नव्या कार्यालयासाठी घेतलेल्या ६८ नगांच्या एकत्रित खरेदीत विक्रेत्याने त्या नगावर चुकीची किंमत टाकली होती. लाँग २०१७ मध्ये वारले. पॉला व्हाइट यांनी त्याच वर्षीच्या जानेवारीत डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीला प्रार्थना म्हटली आणि २०१९ मध्ये त्या व्हाइट हाउसच्या कार्यालयात रुजू झाल्या. कोपलँड यांनी २०१८ च्या सुरुवातीला नवे गल्फस्ट्रीम विमान घेतल्याचे जाहीर केले. त्याआधी, २०१५ च्या मार्चमध्ये, क्रेफ्लो डॉलर यांच्या सेवासंस्थेने दोन लाख लोकांकडून प्रत्येकी ३०० डॉलर मागितले होते, तेही गल्फस्ट्रीमच्या जी ६५० या जेटसाठी. चहूकडून टीका झाल्यावर ते आवाहन मागे घेतले गेले. जूनमध्ये त्यांच्या चर्चच्या संचालक मंडळाने जाहीर केले की विमान तरीही घेतले जाईल. त्या मंडळात कोण कोण बसते, त्यांचा एकमेकांशी नातेसंबंध काय आणि ठराव कसे होतात, ही माहिती ग्रासली यांनी नोव्हेंबर २००७ च्या पत्रात मागितली होती.